वस्तीत बायकांसाठी वर्ग सुरू करताय? आधी जमा-खर्चाची वही उघडा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांबरोबर मी बरीच वर्षं काम करते आहे. दर दिवाळीनंतर एखाद-दोन नव्या मुली भेटायला येतात. कुणी समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, कुणी शाळेतून निवृत्त झालेली, कुणी नोकरी सांभाळून संध्याकाळचे दोन तास देऊ शकणारी. प्रश्न एकच असतो: कुठून सुरुवात करू? बहुतेकींच्या डोक्यात तीन कप्पे असतात. एक साक्षरता वर्ग, एक शिवणक्लास, आणि पुढे कर्ज काढून एखादा उद्योग. हे तिन्ही वेगळे चालवले तर साक्षरता वर्ग तिसऱ्या महिन्यात ओस पडतो, शिवण शिकलेल्या बायका मशीनवर चादर टाकून पुन्हा विड्या वळायला बसतात आणि कर्जाचे हप्ते अंगावर राहतात. हे मी पाहिलं आहे, आमच्या हातूनही झालं आहे. म्हणून इथे सांगते ती वाट एकाच वहीभोवती फिरते. बाईच्या स्वतःच्या पैशाची वही. अक्षरं तिच्यातून येतात, हिशेब तिच्यातून येतो आणि धंद्याची किंमतही तिच्यातूनच ठरते.

ही कल्पना माझी नाही. आमच्या जिल्ह्याला लागूनच साताऱ्याचा माण तालुका आहे. तिथल्या म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि गावच्या कष्टकरी बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला. कारण, अंगठा उठवणाऱ्या बायका बँक कशी चालवणार? त्या बायकांनी लिहा-वाचायला घेतलं. पुढे अधिकाऱ्यांसमोर जाऊन त्यांनी सांगितलं की आम्हाला व्याज काढायला द्या, तुमच्या माणसांनाही द्या आणि कोण आधी काढतं ते बघा. १९९७ साली माणदेशी महिला बँकेला परवाना मिळाला. अक्षर यायच्या आधीच हिशेब त्या बायकांच्या डोक्यात होता, हे नव्या कार्यकर्तीनं पक्कं लक्षात ठेवावं. तुम्ही कोऱ्या पाटीला शिकवायला जात नाही आहात.

पहिले दोन महिने: फक्त बसा

फलक लावू नका, उद्घाटन करू नका. दुपारी वस्तीत जा आणि उंबऱ्यावर बसा. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस कसा जातो ते बघा: पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, पंचवीस-पंचवीसचे कट्टे करायचे आणि ते मोजून द्यायचे. हजार विड्या म्हणजे चाळीस कट्टे. हा तिचा रोजचा पाढा आहे, आणि तो चुकत नाही, कारण चुकला तर मजुरी कापली जाते. तुमच्या वस्तीत विडीऐवजी धुणीभांडी असतील, कचरावेचणी असेल, ऊसतोडीहून परतलेली कुटुंबं असतील. तिथेही त्या बाईचा असाच एखादा पाढा असतो, तो शोधा.

वेळ ठरवताना तुमची सोय बाजूला ठेवा. आमच्याकडे दुपारी तीनचा वर्ग कधीच भरला नाही, कारण तेव्हा हात सर्वांत वेगानं चालतात. रात्री साडेआठला, जेवणं उरकल्यावर, जागा अपुरी पडू लागली. पहिला अर्धा तास बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत गप्पा मारतात आणि नंतरचा तास सूप बाजूला ठेवून लिहितात. सूप आणू द्यायचं की नाही यावर आमच्यात वाद झाला होता. मी आणू द्यावं या बाजूची होते, आजही आहे. मजुरी बुडवून शिकायला ये, असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही. लहान मुलंही येणारच. कोपऱ्यात सतरंजी, थोडे खडू आणि एका मोठ्या मुलीला त्यांच्याकडे लक्ष द्यायला सांगा. घरच्यांना, विशेषतः सासूला, पहिल्याच आठवड्यात एकदा बोलवा आणि इथे काय चालतं ते दाखवा. लपवाछपवी वाटली की दुसऱ्या आठवड्यात सून येत नाही.

भाषेचंही बघा. आमच्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, शेजारच्या गल्लीत कन्नड आणि दखनी उर्दू. सगळ्यांना "मावशी" म्हणण्यापेक्षा त्या एकमेकींना ज्या नावानं हाक मारतात ते शिका. तिथे मी "अक्का" म्हणू लागले तेव्हापासून चहा मिळू लागला.

कागद आणि फोन

हे काम कंटाळवाणं आहे, पण ते आधीच उरका. प्रत्येक बाईचं आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि पॅन असेल तर पॅन एकत्र ठेवून नाव सगळीकडे सारखं आहे का ते पडताळा. एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग वेगळं. पुढे कर्जाचा अर्ज अडतो तो इथे. दुसरी गोष्ट फोनची. खातं तिचं असतं, पण बँकेला दिलेला नंबर मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो, त्यामुळे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. २०२४ पासून लाडकी बहीण योजनेमुळे कितीतरी बायकांना पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेलं खातं मिळालं. पण त्यातले पैसे स्वतः कधी काढलेत का, असं विचारून बघा. तिच्या नावाचं सिम आणि तोच नंबर खात्याला, एवढं झालं तरी सुरुवातीचं काम झालं असं समजा.

गट

दहा ते वीस जणींचा बचत गट करा. आमच्या अनुभवात बारा-पंधरा हा आकडा बरा. बायकांनी एकमेकींना निवडावं, तुम्ही यादी करू नये. हप्ता फेडायची वेळ आली की शेजारणीची ओळखच कामाला येते. गावात असाल तर उमेद या राज्याच्या ग्रामीण उपजीविका अभियानाच्या सीआरपी ताईंना, म्हणजे गावातच गटांना मदत करणाऱ्या बायकांना, किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) लोकसंचालित साधन केंद्राला आधी भेटा. शहरात महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या नागरी उपजीविका कक्षात चौकशी करा. ज्या वस्तीत आधीच गट आहेत तिथे नवा काढून फाटाफूट करू नका.

पंचसूत्री सगळीकडे सांगितली जाते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. ती पाठ करून घेण्यापेक्षा एक आकडा मांडून दाखवा. पंधरा जणी महिन्याला १०० रुपये टाकतात, म्हणजे १,५०० रुपये. सहा महिन्यांत ९,०००. आता त्यातून एकीला ५,००० रुपये मुलीच्या फीसाठी दिले, महिन्याला शेकडा दोननं, दरमहा मुद्दल ५०० फेडायची. दहा महिन्यांत ती एकूण ५५० रुपये व्याज देते आणि ते व्याज गटातच राहतं. तेच ५,००० सावकाराकडून शेकडा दहानं घेतले तर महिन्याला ५०० व्याज, दहा महिन्यांत ५,०००, आणि मुद्दल जशीच्या तशी उभी. हे गणित मी पहिल्यांदा फळ्यावर मांडलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतल्या एका अक्कांनी बोटांवर स्वतःचं कर्ज मोजायला घेतलं.

बँकेत गटाचं खातं उघडायला ठराव लागतो. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष यांच्यापैकी दोघींच्या सहीनं व्यवहार चालेल, असं त्यात लिहा. तुम्ही स्वतः सहीदार होऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

अक्षरं: "क कमळाचा" नको

प्रौढ बाईला बालवाडीचं पुस्तक दिलं की ती हसते, आणि पुढच्या दिवशी येत नाही. तिला गरज आहे ते शब्द घ्या. आमचा पहिला शब्द "जमा". दोन अक्षरं आणि एक काना. काना शेवटीच ठेवून अक्षरांची अदलाबदल केली की "मजा", आणि त्या रात्री वर्गात खरोखरच मजा येते. मग "न" आणि "क" घ्या: काम, नाक, कान, मका. मग "खर्च", तो अवघड आहे, रफार नंतर समजावा, आधी शब्दाचं चित्र ओळखू द्या. "बाकी", "शिल्लक", "हप्ता", "व्याज", "दिनांक". तीन महिन्यांत गटाच्या वहीतले वरचे मथळे वाचता येतात. ती वही सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, दर बैठकीत वेगळ्या बाईनं. अडखळली तर थांबा, शेजारची सांगेल, तुम्ही नाही.

आकडे अक्षरांआधी येतात, ते वाया घालवू नका. बसचा नंबर, फोनवरचे आकडे, गॅस सिलेंडरची किंमत बहुतेकींना कळते. अडतं ते स्थानमूल्य. एक हजार पाच लिहायला सांगा, दहापैकी पाच जणी १०००५ लिहितात. इथे विडीचे कट्टे उपयोगी पडले. दहा कट्टे एका दोऱ्यात बांधले आणि सुटे कट्टे बाजूला ठेवले की दहाचा गठ्ठा म्हणजे काय ते हाताला कळतं.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. पन्नाशीच्या आसपासच्या काही बायका महिनाभर येऊनही पुढे सरकत नव्हत्या. "आता कुठे डोक्यात शिरणार," असं त्या स्वतःच म्हणायच्या आणि मीही ते खरं मानत होते. एका शिबिरात डोळे तपासले तेव्हा निघालं की त्यांना जवळचं दिसतच नव्हतं. चाळिशीचा साधा चष्मा लागला आणि पंधरा दिवसांत वाचू लागल्या. म्हणून चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईचे डोळे आधी तपासा. पाटी-पेन्सिलीच्या आधी. सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते, चष्म्याचा खर्च गटाच्या पहिल्या पैशातून झाला तरी चालेल.

शासनाचा उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आहे. जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेत नाव नोंदवता येतं, तुम्ही स्वयंसेवक म्हणून शिकवू शकता. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची चाचणी असते, उत्तीर्ण झालं की प्रमाणपत्र. त्या कागदाचा उपयोग किती होईल यापेक्षा परीक्षेला बसायला सुनेबरोबर सासू शाळेत जाते, तो दिवस महत्त्वाचा असतो. लेकरांनी दारात उभं राहून आईला पेन दिलेलं मी पाहिलं आहे.

कौशल्य: आधी गिऱ्हाईक शोधा

शिवणक्लास सगळ्यांना सुचतो, कारण मशीन दान मिळतं. एका गल्लीत तीस जणी ब्लाऊज शिवायला लागल्या की शिलाईचा भाव पडतो आणि तिसाव्या बाईला काम मिळत नाही. म्हणून मशीन घ्यायच्या आधी एका कागदावर पाच नावं लिहा: हा माल किंवा हे काम आज नक्की कोण विकत घेईल? पाच नावं निघाली नाहीत तर तो क्लास सुरू करू नका.

सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने आहेत. तिथे काम मिळतं, पण पॉवर मशीनवर. घरच्या पायमशीनवर वर्षभर शिकलेली मुलगी पॉवर मशीनवर पहिल्या दिवशी घाबरते, कारण पाय ठेवताच ते पळतं. कारखान्यात एक बाई अख्खा शर्ट शिवत नाही, एकीकडे कॉलर, दुसरीकडे बाही. नोकरीसाठी शिकवायचं असेल तर त्याच मशीनवर, त्याच एका भागावर वेग यायला हवा. म्हणजे क्लास काढण्यापेक्षा कारखान्याच्या मालकाशी बोलून आठ मुलींना तिथेच दोन आठवडे शिकू द्यायला सांगणं जास्त फायद्याचं. रोजी काय देणार, तुकड्यावर की महिन्यावर, शौचालय आहे का, घरी परतायला किती वाजतील, हे तुम्ही आधी विचारून या.

गावच्या मुलींसाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, बोलीत आरसेटी. देशातल्या बहुतेक जिल्ह्यांत आहेत, बँका चालवतात. प्रशिक्षण मोफत, राहण्या-जेवण्याची सोय असते. घरून पंधरा-वीस दिवस बाहेर राहायला परवानगी मिळवणं हीच तिथली खरी प्रवेश परीक्षा. शक्य असेल तर एका गावच्या दोघी-तिघी एकत्र पाठवा आणि पोचवायला एखाद्या आईला बरोबर न्या.

आणखी एक, आणि हे मी आग्रहानं सांगते: हातातली विडी लगेच सोडायला सांगू नका. तंबाखूचं काम वाईटच आहे, छातीचे आणि डोळ्यांचे त्रास मी रोज पाहते. पण नोंदीत कामगाराचा पीएफ आहे, मजुरी येते ठरलेल्या दिवशी. नव्या कामाचे पैसे सलग सहा महिने हातात पडेपर्यंत जुनं काम अर्धं तरी चालू राहू द्या.

किंमत कशी काढायची

आमच्याकडचा हक्काचा माल म्हणजे कडक भाकरी आणि शेंगा चटणी. चटणीचं उदाहरण घेते. भाव हे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमच्या बाजारचे घाला.

पाच किलो शेंगदाणे १४० रुपयांनी ७०० रुपये. लसूण, तिखट, जिरं, मीठ मिळून १५०. भाजून आणि सालं काढून घट येते, मसाला मिळून पुन्हा जवळपास पाच किलो होते, म्हणजे २०० ग्रॅमची २५ पाकिटं. बायका इथे थांबतात: ८५० भागिले २५, चौतीस रुपयांचं पाकीट, पंचेचाळीसला विकू, अकरा सुटतील. आता राहिलेलं मांडा. गॅस ५०, कांडप ७५, पाकीट आणि लेबल १००, बाजारात जायला-यायला ५०. एकूण १,१२५. भागिले २५, बरोबर पंचेचाळीस. म्हणजे पंचेचाळीसला विकलं तर दोघींचे तीन-तीन तास फुकट गेले. ते सहा तास ५० रुपयांनी ३०० रुपये धरा, पाकीट सत्तावन्नला पडतं. मग दुकानदाराला ६८ ला दिलं आणि त्यानं ८० ला विकलं तर सगळ्यांचं भागतं.

"माझ्या हाताचे कसले पैसे, घरचंच तर काम," हे वाक्य प्रत्येक वर्गात येतं. त्यावर भाषण देऊ नका. विडीची मजुरी तासाला किती पडते तेवढं तिलाच काढायला सांगा आणि तो आकडा चटणीच्या हिशेबात लिहायला लावा. वहीत "माझी मजुरी" अशी ओळ पहिल्यांदा लिहिणारी बाई क्षणभर थांबते. ती ओळ पुन्हा कधी गाळू देऊ नका.

खाद्यपदार्थ विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या घरगुती उद्योगाची फी वर्षाला १०० रुपये आहे, एजंट त्यासाठी हजार-दोन हजार मागतात ते देऊ नका. १४ आकडी नंबर पाकिटावर छापायचा, सोबत घटक, वजन, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावी, किंमत आणि पत्ता. वजनकाटा वैधमापन विभागाचा शिक्का असलेलाच घ्या. उद्यम नोंदणीही मोफत आहे, आधारवर होते. पहिली पन्नास पाकिटं ओळखीत विकू नका, ओळखीचे लोक कौतुक करतात. अनोळखी दुकानात ठेवा आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा मागणी आली का ते बघा. लिज्जतच्या सात जणींनी १९५९ मध्ये गिरगावात ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली होती. चार पाकिटांची लाज वाटायचं कारण नाही.

कर्ज

गट सहा महिने नीट चालला की बँक दारात येते. बचत गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. एकटीनं घ्यायचं तर मुद्रा योजनेच्या शिशू या सर्वांत छोट्या कर्जप्रकारात ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं. मोठ्या उद्योगाला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात बायकांना ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरी भागात २५ टक्के अनुदान आहे, स्वतःचे पाच टक्के घालावे लागतात. हे सगळं खरं असलं तरी आधी एक प्रश्न विचारा: सध्या किती हप्ते चालू आहेत? खासगी मायक्रोफायनान्सचे दोन-तीन हप्ते एकाच वेळी फेडणाऱ्या कितीतरी बायका वस्तीत असतात आणि त्या गटात ते सांगत नाहीत. आमचा नियम असा: दोन हप्ते चालू असतील तर धंद्याचं कर्ज नाही, आधी गटातून महागडं कर्ज फेडायचं.

आमची चूकही सांगते. आठ जणींनी मिळून कर्जातून शेवयांचं मशीन घेतलं. उन्हाळ्यात दोन महिने तुफान चाललं आणि मग दहा महिने बंद. हप्ता मात्र बारा महिन्यांचा होता. वर्षभराची मागणी आम्ही मांडलीच नव्हती. शेवटी मशीन विकून, राहिलेले पैसे बचतीतून भरून गट वाचला, पण दोन जणी त्यानंतर आल्या नाहीत. आता मशीन घ्यायच्या आधी बारा महिन्यांचा तक्ता भिंतीवर लावतो. प्रत्येक महिन्यापुढे किती माल जाईल ते बायका स्वतः लिहितात, आणि आषाढ-श्रावण कोरा राहिला तर तो कोराच दिसू देतो.

वही सोपवा

वर्षभरात एक बैठक मुद्दाम चुकवा. आधी सांगू नका. दुसऱ्या दिवशी जाऊन वही मागा. तारीख घातली आहे का, हजर बायकांच्या सह्या आहेत का, जमा-खर्चाचा ताळा लागतो का ते बघा. आमच्या एका गटात पहिल्यांदा असं केलं तेव्हा पान कोरं होतं. दोन महिन्यांनी पुन्हा केलं तेव्हा पान भरलेलं होतं, बेरजेत सात रुपयांची चूक होती, आणि खाली वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं: सात रुपये बाकी लागत नाहीत, पुढच्या सोमवारी बघू. सोमवारी मी पुन्हा गेले नाही. मंगळवारी सात रुपये सापडले होते. कुणीतरी शेंगदाण्याच्या पोत्याची सुतळी आणली होती आणि ती लिहायची राहिली होती.